पाच रुपये बारा आण्यांची थकबाकी
(उघडी अमेरिकन मोटार, हिंदी पडदा आणि आपले लेखन)

वडील गेल्यानंतर गणेशपेठेतल्या त्यांच्या बंद गॅरेजचे सामान आवरताना एक बिलबुक हाती लागले. कार्बन कागदाची निळी अक्षरे बरीच पुसट झाली होती. १९७८च्या मे महिन्यातल्या एका पानावर त्यांच्या हातची नोंद होती : ब्यूक, टप काढून बसवणे, पंप खोलणे, नळ्या बदलणे, तेल, दोन माणसे, नऊ दिवस. खाली बेरीज आणि तिच्यापुढे ‘येणे’ असा एकच शब्द. जमेची बाजू कोरी होती. पुढची सगळी पाने मी उलटून पाहिली. ते येणे आल्याची नोंद कुठेही नाही.

ही ब्यूक मला आठवते. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गॅरेजच्या दारातल्या कडुनिंबाखाली ती उभी असे आणि शाळेतून येताना तिच्या पुढच्या पंखावरची चार गोल भोके मी रोज मोजत असे. मालक नागपूरचे नव्हते. जवळच्या तालुक्यातले मोठे शेतकरी होते आणि लग्नसराईत त्यांची गाडी नवरदेवाच्या वरातीला जाई. तेवढ्यासाठी टप उघडणे आवश्यक होते. आईने पैशांचा विषय काढला की बाबा म्हणत, ‘‘मोठ्या घराचं येणं हाय, बुडत नसते.’’ ते बुडाले.

हे घरगुती प्रकरण संशोधनपर लेखात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. गेली पंचवीसएक वर्षे नोकरी सांभाळून मी जुन्या हिंदी चित्रपटांविषयी वाचतो, जमेल तसे लिहितो. या विषयातली माझ्याकडे पदवी नाही. जे आले ते ग्रंथालयांतून, रद्दीच्या दुकानांतून आणि पुन:पुन्हा चित्रपट पाहून आले. या वाचनात एक गोष्ट वारंवार दिसली. पन्नास-साठच्या दशकांतल्या चित्रपटांतील उघड्या अमेरिकन मोटारीविषयी आपण लिहितो, तेव्हा ती श्रीमंतीची, आधुनिकतेची किंवा मुक्त प्रेमाची खूण असते. हे चुकीचे नाही, पण अर्धे आहे. ती गाडी चालू कोण ठेवत होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. बिलबुक सापडल्यावर मी माझेच जुने लेख काढून पाहिले. त्यांतही तो नव्हता.

वस्तू आणि तिचे वजन

आधी ही गाडी काय होती ते पाहू. चार भोके म्हणजे ब्यूकची रोडमास्टर. पंखावरची ही भोके ब्यूकने १९४९मध्ये आणली. धाकट्या मॉडेलांना तीन आणि थोरल्या रोडमास्टरला चार. भोकांवरून मालकाची ऐपत मोजता येई. अमेरिकेत त्या वर्षांत उघडत्या छपराच्या गाडीला मोठा मान होता. १९५३मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक एल्डोराडो बाजारात आणली. पहिल्या वर्षी तिच्या केवळ ५३२ गाड्या बनल्या आणि किंमत होती ७,७५० डॉलर. त्याच वर्षीच्या जानेवारीत आयझेनहॉवर अध्यक्षपदाच्या शपथविधीनंतरच्या मिरवणुकीत तिच्यातच उभे होते. ब्यूकची स्कायलार्कही त्याच वर्षीची. ती १,६९० बनली.

आपण या गाडीला ‘उघडी गाडी’ म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. जुनी टूरिंग मोटार खरोखर उघडी असे. तिला वरून कापडी आच्छादन ताणायचे. या नव्या गाड्यांना मात्र बंद होता येई आणि उघडताही येई, तेही बटण दाबून. गॅरेजात बाबा ‘टप’ म्हणत. हा शब्द मोटारीच्या आधीचा, घोड्याच्या बग्गीचा आहे. ब्यूकचे कॅनव्हास फाटले तेव्हा नवे शिवून आणले ते टांग्यांचे टप शिवणाऱ्या कारागिराकडूनच. अमेरिकेतल्या कारखान्यात बसवलेले छप्पर नागपुरात टांगेवाल्यांच्या सुईदोऱ्यावर टिकले, ही गोष्ट मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलकी वाटते.

छप्पर काढले म्हणजे गाडी हलकी होत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती जड होते. छप्पर हे गाडीचा सांगाडा ताठ ठेवणारा एक भाग असते. ते काढले की सांगाडा पिळवटू लागतो. म्हणून खालच्या चौकटीत जास्तीचे लोखंड घालावे लागते. शिवाय टप उचलणारी यंत्रणा असतेच. रोडमास्टर सुमारे दोन टनांची होती. त्या काळातल्या या ब्यूकमध्ये टप, खिडक्यांच्या काचा आणि पुढचे आसन एकाच विजेच्या पंपावर चालत. पंप तेल ढकली आणि तेल दट्ट्या उचली. हे तेल ब्रेकच्या तेलाच्या जातीचे असे. ते गळले की रंग सोलून काढी. एक नळी फुटली तरी सगळ्या यंत्रणेचा जीव जाई, काचा दारात घसरून बसत. नागपूरच्या उन्हाळ्यात रबर किती टिकणार? आमच्या शहरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. १९७८च्या मे महिन्यातले ते नऊ दिवस बाबांनी या नळ्यांवर घालवले. तेव्हा त्यांच्या बोटांची सालपटे निघालेली मला आठवतात.

म्हणजे पडद्यावर जे मोकळेपण दिसते, त्याच्या खाली जादा लोखंड, तेल आणि मजुरी असते. हे मी रूपक म्हणून सांगत नाही. ती त्या गाडीची रचना आहे.

१९५४ : दार बंद झाले

या गाड्यांचा भारतातला इतिहासही आपल्या वाचनात आला पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्ड त्याआधी, १९२६मध्ये आली होती. सुटे भाग जहाजाने यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारले, की तुम्ही इथे केवळ जोडणार की बनवणारही? १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण स्पष्ट झाले. ज्यांच्याकडे देशात उत्पादन करण्याचा आराखडा नाही त्यांनी थांबावे. १९५४मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी इथला गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर आणि बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स यांच्या हाती मैदान आले. कधी काळी डॉज, प्लिमथ जोडणारी प्रीमियर पुढे फियाटकडे वळली.

यानंतर मोठी अमेरिकन गाडी इथे येण्याच्या वाटा अरुंद झाल्या. परवाने मिळवून थोड्या आल्या. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या गाड्या सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. त्यांतून काही खासगी हातांत गेल्या. बाकी रस्त्यावर राहिल्या त्या १९५४च्या आधीच्याच. भाग मिळत नव्हते. एका गाडीचे काढून दुसरीला लावायचे किंवा लेथवर घडवायचे. साठच्या दशकातल्या चित्रपटात नायक वळणावळणाच्या रस्त्यावरून अशी गाडी नेतो, तेव्हा प्रेक्षकाला भविष्य दिसत असते. गाडी पुष्कळदा भूतकाळातली असते. तिचे वय लपवण्याचे काम कोणीतरी पहाटे उठून केलेले असते.

पडद्याची सोय

हिंदी चित्रपटाला उघडी गाडी इतकी का आवडली? आशय शोधणाऱ्या समीक्षेने याचे उत्तर इच्छेत शोधले आहे. माझ्या मते पहिले उत्तर प्रकाशात आहे. बंद गाडीत बसलेल्या नटाचा चेहरा छपराच्या सावलीत जातो, खांब मध्ये येतात. छप्पर नसले की दिवा वरून टाकता येतो, कॅमेरा पुढून, बाजूने, वरून लावता येतो. गाणे म्हणणाऱ्या माणसाचा हात, मान, केस सगळे दिसते. स्टुडिओत गाडी उभी करून मागच्या पडद्यावर रस्त्याची फिल्म धावती ठेवायची आणि बाजूने पंखा लावायचा, ही पद्धत तर उघड्या गाडीसाठीच असावी इतकी तिला चपखल बसते. थोडक्यात, ती आधी छायाचित्रकाराची गाडी होती, मग नायकाची.

बाहेरच्या जगातही या गाडीचा खरा उपयोग दिसण्यासाठीच होता. १९५९च्या डिसेंबरात आयझेनहॉवर दिल्लीला आले तेव्हा उघड्या मोटारीभोवती इतकी गर्दी झाली की वाट मोकळी करायला नेहरूंना स्वतः खाली उतरावे लागले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तेही उघड्या लिंकनमध्ये होते. पाहिले जाण्यातला मान आणि धोका दोन्ही त्या गाडीत बसलेले असत. आमच्याकडच्या वरातीतही तेच. नवरदेव उन्हातान्हात टप उघडून बसतो तो हवा खायला नव्हे.

पण जो दिसतो त्याच्या मागे न दिसणारे कोण आहे, हे पाहणारे चित्रपट थोडे. त्यांपैकी दोन माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

दोन गॅरेजे

पहिला गुरुदत्तचा ‘आरपार’. तो १९५४चा, म्हणजे ज्या वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला त्याच वर्षीचा. नायक काळू टॅक्सी चालवणारा. तुरुंगातून सुटून येतो आणि एका लालाच्या गॅरेजात काम धरतो. मालकाच्या मुलीवर त्याचे प्रेम जडते. त्यांचे एक गाणे गॅरेजातच, मोटारीच्या अवतीभवती घडते. व्ही. के. मूर्ती यांचा कॅमेरा मोटारीला सिंहासन करत नाही. ती कामाची जागा राहते. तिच्या आड लपता येते, तिला टेकता येते, तिच्याखाली जाता येते. पुढे काळूचे हात कोणाला हवे आहेत, हा चित्रपटाचा कणा होतो. प्रेम कळताच लाला त्याला हाकलतो आणि बँक लुटायला निघालेल्या टोळीला मात्र वेगाने गाडी हाकणारा माणूस पाहिजेच असतो. सचोटीच्या जगात कसबाला किंमत नाही, गुन्ह्याच्या जगात आहे. ‘आरपार’ची चर्चा आपण गाणी, संवाद, छायाप्रकाश यांच्या अंगाने भरपूर केली. गॅरेजच्या मजुरीच्या अंगाने तो पुन्हा पाहिला, तर मुंबईच्या कष्टकरी माणसाविषयीचा तो एक कडवट चित्रपट ठरतो.

दुसरा १९५८चा ‘चलती का नाम गाडी’. दिग्दर्शक सत्येन बोस. अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार हे तीन सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊ. हे खंडव्याचे. त्यांच्या बालपणी खंडवा मध्य प्रांत-वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून आम्हा नागपूरकरांना त्यांच्याविषयी थोडा घरोबा वाटतो. तीन भावांचे गॅरेज आहे आणि त्यांच्याकडे १९२८ची उघडी शेव्हरले आहे. म्हणजे जनरल मोटर्स शिवडीत आली त्याच वर्षाची. १९५८मध्ये कंपनी जाऊन चार वर्षे झाली होती, गाडी मात्र चालू होती. चित्रपटाच्या नावातच हे सगळे आहे.

आता कथेची सुरुवात आठवा. पावसाची रात्र, बंद पडलेली गाडी, भिजलेली मधुबाला. धाकटा मनमोहन रात्री गाडी दुरुस्त करतो. ती निघून जाते आणि मग त्याच्या लक्षात येते की मजुरीचे पाच रुपये बारा आणे घ्यायचे राहिले. या रकमेवर पुढे एक अख्खे गाणे उभे आहे. आपण हसतो. प्रियकर मुलीच्या मागे लागतो तो बिल घेऊन! पण मी हा चित्रपट बिलबुकाचे ते पान पाहिल्यानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा हसू आले तरी ते पूर्वीचे नव्हते. हिंदी चित्रपटातल्या इतक्या प्रेमकथांत दुरुस्तीचा आकडा आण्यांपर्यंत सांगणारी दुसरी माझ्या पाहण्यात नाही. तोही जुन्या नाण्यांत. १ एप्रिल १९५७पासून नवे पैसे सुरू झाले होते, तरी गॅरेजवाल्याचा हिशेब अजून आण्यांत चालला आहे. गरिबाची नाणी सरकारी हुकमाने एका दिवसात बदलत नाहीत, हे त्या गमतीत आपोआप नोंदले गेले.

या प्रेमाची सुरुवात एका थकबाकीपासून होते आणि ती मागायला तो लाजत नाही. माझ्या वडिलांना जे जमले नाही ते मनमोहनला जमते. उत्तरार्धात चित्रपट ही वाट सोडतो. खलनायक, कट, सुटका अशा ठरलेल्या रस्त्याला लागतो. गॅरेज मागे पडते आणि पैसे प्रेमात वळते होतात. हा त्याचा दुबळेपणा मला मान्य आहे. मुलगी मिळाली म्हणजे मजुरी मिळाली, असा हिशेब मांडणे सोयीचे होते. तरी पहिला तासभर हा चित्रपट जे पाहतो ते त्याच्याआधी आणि नंतर फार कमी चित्रपटांनी पाहिले.

सात गाड्या

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवानदादा गेले. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३चा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. आमच्या वऱ्हाडचा माणूस, म्हणून मी एका स्थानिक पत्राला श्रद्धांजलीपर लेख दिला. त्याचे पहिले वाक्य असे होते : ‘आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी बाळगणारा हा कलावंत अखेर दादरच्या चाळीत गेला.’ वाक्य लोकांना आवडले. आवडणारच होते, कारण ते सगळ्यांनी आधी वाचलेले होते. भगवान यांच्यावर काहीही वाचायला घ्या. सात गाड्या, जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि चाळ ही तीन पदे ठरलेल्या क्रमाने येतात.

या क्रमात एक निवाडा दडलेला आहे. गिरणी कामगाराच्या पोराने मोठी मोटार घेतली, म्हणून तो बुडाला. मोटार ही उधळपट्टी आणि चाळ ही शिक्षा. जुहूच्या खानदानी श्रीमंतांच्या गॅरेजातल्या गाड्या आपण मोजत नाही. त्या तिथे शोभतात असे आपण धरून चालतो. वर चढलेल्या माणसाच्या गाड्या मात्र मोजून ठेवतो, म्हणजे तो खाली आला की हिशेब तयार असतो.

आणि हे मोजताना काय राहून जाते? भगवान यांनी थोड्या पैशांत, घाईने, गिरणगावातल्या प्रेक्षकांसाठी मारधाडीचे चित्रपट काढले. १९४१मध्ये ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. १९४२मध्ये जागृती पिक्चर्स ही संस्था काढली, पुढे चेंबूरला स्टुडिओ उभारला. मग १९५१मध्ये ‘अलबेला’; निर्माता, दिग्दर्शक, नायक तेच, जोडीला गीता बाली आणि सी. रामचंद्र यांचे संगीत. तो नाच पुढच्या पिढ्यांनी उचलला, कारण तो शिकलेल्या नर्तकाचा नव्हता; गणपतीच्या मिरवणुकीत कोणालाही करता येईल असा होता. ‘अलबेला’त एक प्रसंगमालिका आहे. नायक यश मिळवून घरी पैसे पाठवत राहतो आणि ते मधल्यामध्ये मेव्हणा लाटतो. कमावणाऱ्याचे पैसे घरी पोचत नाहीत, ही गोष्ट भगवान यांना पुरती ठाऊक होती. सात गाड्यांच्या वाक्यात स्टुडिओ नाही, तमिळ चित्रपट नाही, नाच नाही. पुढचे चित्रपट चालले नाहीत आणि पैसा त्यांत बुडाला, हा धंद्यातला धोका नाही. फक्त गाड्या आहेत.

यावर एक आक्षेप येईल, तो मी स्वतःच घेतो. स्वप्नाला मजुरीचा हिशेब लावला तर पडद्यावर उरेल काय? चाळीतल्या, वस्तीतल्या माणसाला तीन तास वारा खायला ती उघडी गाडी हवीच होती. खरे आहे. माझ्या वडिलांनाही हवी होती. रविवारी ते मला जुन्या चित्रपटांना नेत आणि गाडीचा प्रसंग आला की कानाशी येऊन म्हणत, ‘‘हिरोकडे काय पाहून राहिला? इंजिनचा आवाज आयक.’’ त्यांना त्या दृश्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत : वारा आणि वाल्व्हची टिकटिक. स्वप्न पाहताना त्यांना काम विसरावे लागत नव्हते. विसरलो ते आम्ही, लिहिणारे.

वारसा

१९७६मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडोची शेवटची उघडी गाडी बनवली आणि अमेरिकेतली ही अखेरचीच, अशी जाहिरात केली. पुढे काही वर्षांनी तिथे उघड्या गाड्या पुन्हा बनू लागल्या, पण त्या मोठ्या गाड्यांचा काळ संपला होता. १९८८मध्ये बॅरी लेव्हिन्सन यांच्या ‘रेन मॅन’मध्ये १९४९ची ब्यूक रोडमास्टर पुन्हा दिसली. बाप मरताना धाकट्याला फक्त ती गाडी आणि गुलाबाची झाडे ठेवतो. तीस लाख डॉलर दुसरीकडे जातात. गाडी हा त्या बाप-लेकांतला न मिटलेला तंटा आहे. एका मित्राकडे व्हिडिओवर तो चित्रपट पाहताना चार भोके दिसली आणि मी उठून उभा राहिलो. तो वारसा मालकाच्या मुलाचा होता. मिस्त्रीच्या मुलाला गाडी मिळत नाही, बिलबुक मिळते.

त्या बिलबुकाची मला आता लाज वाटत नाही आणि ते येणे वसूल करायचे आहे असेही नाही. मात्र लिहिणाऱ्यांनी एक करावे असे सुचवतो. कॉटन मार्केट, गणेशपेठ, मोमिनपुरा या भागांत अशा गाड्यांवर हात चालवलेले म्हातारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या वह्या, बिले, आठवणी गोळा केल्या, तर १९५४नंतरच्या तीस वर्षांत अमेरिकन गाड्या इथे कशा जगल्या, याचा असा इतिहास मिळेल जो चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सापडणार नाही. मी सुरुवात केली आहे. आतापर्यंत चौघांशी बोललो. चौघांनीही पहिल्या भेटीत विचारले, ‘‘हे लिहून काय करता?’’ चौघांकडेही न मिळालेल्या पैशांची एक तरी गोष्ट होती.

आणि २००२च्या लेखातले ते वाक्य मी आता असे लिहीन : ‘अमरावतीत जन्मलेल्या, गिरणी कामगाराच्या या मुलाने चेंबूरला स्टुडिओ उभा केला आणि देशाला नाचायला शिकवले, त्याच्याकडे काही काळ मोटारीही होत्या.’